विमानाच्या फोटोत माणूस नको

विल्सन विमानतळाच्या मागच्या फाटकाशी माझी चहाची टपरी होती. मोठी विमानं नैरोबीच्या दुसऱ्या विमानतळावर उतरतात, आमच्याकडे सगळी छोटी आणि म्हातारी. त्यातल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायला माणसं यायची. सकाळी, ऊन तिरपं असताना. गळ्यात कॅमेरे, खांद्याला पिशव्या, आणि चेहरे असे की आत कुणाचं तरी लग्न लागणार आहे. पहिल्या वर्षी मी माझ्या नवऱ्याला, ओसोरोला, विचारलं होतं, "ह्यांना घरदार नाही का हो?" तो म्हणाला, "आहे. म्हणून तर इथं येतात."

ओसोरो तिथंच एका माल वाहणाऱ्या कंपनीत कामाला होता. पिंपं हलवायची, शिडी लावायची, धुणं-पुसणं, पडेल ते. पण त्याचं खरं काम पहाटेचं. कंपनीकडे एक डाकोटा होतं, महायुद्धाच्या काळातलं, दोन इंजिनांचं, शेपूट जमिनीला टेकवून नाक वर करून बसणारं. असल्या जुन्या इंजिनात रात्रभर तेल खाली उतरून साचतं. तसंच चालू केलं की इंजिनाचं वाटोळं. म्हणून आधी कुणीतरी पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरून खाली ओढायचं, मग दुसरं, मग तिसरं, असा पंखा गोल गोल फिरवून तेल मोकळं करायचं. मग तेच दुसऱ्या इंजिनाला. पातं म्हणजे काय घरातल्या पंख्याचं नव्हे, माणसापेक्षा उंच लोखंड. पायलट गरम चहा पिऊन शिट्टी वाजवत यायचा तोवर ओसोरोचा सदरा पिळून काढावा इतका भिजलेला असायचा.

हे त्याने गावी सांगितलं, तिथंच चुकलं. आमचं गाव केनियाच्या पश्चिमेला, किसीच्या डोंगरात. माझा धाकटा दीर मोगाका, जिभेला हाड नाही असा माणूस, ऐकून लोळलाच. "दादा हाताने विमान चालू करतो! मग चढावर ढकलत पण असशील! आणि पंक्चर झालं की डोक्यावर घेऊन येत असशील!" तेव्हापासून ओसोरोचं नाव पडलं पायलट. सुट्टीला बसमधून उतरला की चहाच्या मळ्यातून पोरीबाळी ओरडायच्या, "पायलट आले, पायलट आले, रस्ता सोडा!" बाजारात बसलेले म्हातारेसुद्धा विचारायचे, "काय पायलट, आज विमान कुठं बांधलंत? चरायला सोडलंत का?" सगळ्यांची खात्री होती की हा विमानतळावर झाडू मारतो आणि इथं येऊन फेकतो. ओसोरो हसायचा. मला नाही हसू यायचं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी म्हणायचे, "सांगा ना त्यांना नीट." तो म्हणायचा, "सांगितलं ना एकदा. दोनदा सांगितलं तर अजूनच खोटं वाटेल."

तर फोटोवाले. त्यांतले सगळ्यात जुने गाथोगो मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, बारीक अंगाचे, उन्हाळा असो पाऊस असो डोक्याला तीच टोपी. शनिवार चुकला नाही कधी. शाळेला सुट्टी लागली की रोज. विमानतळावर कॅमेरा काढणं म्हणजे शिपायांशी भांडण; पण मास्तरांकडे परवानगीचा कागद होता, आणि कागद नसता तरी शिपाई त्यांना कंटाळले होते. माझ्याकडे दोन मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, आणि दुधाचा चहा घ्यायचे, अर्धा चहा विसरायचे, आणि आत पळायचे.

त्यांचा एक नियम होता. फोटोत फक्त विमान. संपूर्ण, एका बाजूने, नाकापासून शेपटीपर्यंत. शिडी नको, पिंप नको, बादली नको, आणि माणूस तर नकोच नको. लंडनच्या कुठल्याशा मासिकात त्यांचे फोटो छापून यायचे, तिथले लोक म्हणे पाहुणीच्या कपाळावर माशी बसावी तसं समजतात विमानाजवळच्या माणसाला. सकाळचं ऊन त्या डाकोटावर पडलं की मास्तर कुंपणाच्या आतून हात हलवायचे.

"ओसोरो! बाजूला! बाजूला!"

ओसोरो पंखा सोडून बाजूला. जाताना शिडी उचलायचा, बादली उचलायचा, स्वतःची टोपी राहिली असेल तर परत पळत जाऊन तीही आणायचा. मग मास्तरांच्या मागे जाऊन उभा राहायचा, हाताची घडी घालून, आणि मास्तरांनी बटण दाबलं की विचारायचा, "आली का छान?" जशी काही त्याचीच मुलगी शाळेच्या फोटोला उभी होती.

मी एकदा म्हटलंसुद्धा, "मास्तर, एक ह्याचाही काढा की."

"काढू, काढू, मोराची आई. आता ऊन जाईल. पुढच्या वेळी."

मोरा माझी मुलगी. ती शाळेत गेली, शाळेतून बाहेर पडली, तिचं लग्न झालं, आणि मास्तरांचं पुढच्या वेळी तसंच राहिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते खरंच पुढच्या वेळी काढणार होते.

ओसोरो गेला तो पावसाळ्याच्या तोंडावर, कामावरच. दुपारी पिंपाला टेकून बसला तो उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी रडले ते रडले, त्याबद्दल काय सांगायचं. पण आमच्याकडे माणूस मेला की बायकोला रडायला सवड कुठं असते. शवागारात ठेवा, वर्गणीसाठी समिती बसवा, बस ठरवा, गावी मंडप घाला, आणि सगळ्यांत आधी फोटो. शवपेटीच्या पुढे नात किंवा मुलगी मोठा फोटो छातीशी धरून चालते, पुरेपर्यंत तो पेटीवर उभा असतो. फोटो नसला तर लोक म्हणतात, ह्याचं कुणी नव्हतं वाटतं.

आणि आमच्याकडे फोटो नव्हता. होते ते किबेरा वस्तीतल्या आमच्या जुन्या घराला आग लागली तेव्हा गेले, लग्नाचाही गेला. मोराच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाच्या एका फोटोत ओसोरो होता, पण मानेपासून खाली. राहिलं होतं ते ओळखपत्र. त्यावरचा फोटो नखाएवढा, एक कान नाही, आणि चेहरा असा की चोरी करताना पकडलाय.

मोगाकाचा फोन आला. "वहिनी, ओळखपत्राचाच मोठा करून आणा. काय फरक पडतो? आमचा पायलट साधा माणूस होता."

आमचा पायलट! भाऊ शवागारात थंड पडलाय आणि ह्याची थट्टा संपत नाही. फोन ठेवला आणि मी ठरवलं, फोटो आणीन तर विमानाशेजारचाच. पंख्याला हात लावलेला. पेटीवर ठेवीन आणि सगळ्या गावाला म्हणेन, या, बघा डोळे फाडून. तो जिवंत होता तोवर तुम्ही त्याला खोटं ठरवलंत, आता मातीत जायच्या आधी तरी खरं म्हणा. मला दुसरं काही नको होतं.

आणि मला काळजीही वाटली नाही, कारण मास्तर होतेच ना.

मास्तर आता निवृत्त झाले होते. मी सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली, पहिल्यांदाच त्यांचं टक्कल दिसलं. "असेल असेल, नक्की असेल," म्हणाले. "इतकी वर्षं तो तिथंच उभा होता. नसेल कसा? या तुम्ही घरी."

त्यांच्या घरी एका खोलीत भिंतभर खोकी. खोक्यांत फोटोंच्या फिल्मच्या छोट्या फिती, आणि बघायला आतून दिवा लावलेली काचेची पेटी. मास्तरांनी एक भिंग मला दिलं, एक स्वतः घेतलं. सकाळी बसलो. डाकोटा. डाकोटा धुक्यात. डाकोटा नवा रंग दिलेलं. डाकोटा रंग उडालेलं. शेपूट मोडलेलं दुसरं एक विमान. परत डाकोटा. मास्तरांची बायको दोनदा चहा ठेवून गेली, तिसऱ्यांदा उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी ठेवून गेली, आणि जाताना म्हणाली, "माझाही एक नाहीये त्यात. शोधून बघा हवं तर."

दुपार झाली. काय सापडलं? विमानाच्या पोटाखालून पलीकडे दिसणारे दोन बूट. ते ओसोरोचेच, डाव्या बुटाची नाडी मी बांधलेली हिरवी होती. एकात जमिनीवर माणसाची सावली, माणूस नाही. एकात कोपर, तेही मास्तरांनी छापताना कातरलेलं.

माझा तोल गेला. "काय हो मास्तर, इतके हजारो फोटो, आणि माणूस एकही नाही? देवाने पृथ्वीवर नुसती विमानंच सोडली होती का?"

मास्तर भिंग पुसत बसले. मग त्यांनी ओळीने सहा-सात फिती काचेवर मांडल्या आणि म्हणाले, "हे बघा. दोन्ही पंख्यांची पाती. सारखी उभी आहेत ना? एक पातं सरळ वर, दोन खाली."

"मग?"

"पंखा थांबतो तसा थांबतो, वेडावाकडा. दोन्ही सारखे दिसले तर फोटो चांगला येतो. ओसोरो रजेवर असायचा त्या दिवसांचे बघा, हे, हे. वाकडे. तो असला की सरळ. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं हो. मला वाटायचं, विमानच शहाणं आहे."

मी बघितलं. खरंच होतं. त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मला हुंदका आला, पण हुंदका फ्रेममध्ये घालून गावाला दाखवता येत नाही. पाती सरळ आहेत हे मोगाकाला काय समजणार? तो म्हणणार, वा वहिनी, विमान छान आहे, दादा कुठाय?

मग मीच मार्ग काढला. मास्तरांचा एक मोठा छापील फोटो भिंतीवर होता. डाकोटा, सकाळचं कोवळं ऊन, आणि डाव्या पंख्याच्या शेजारी मोकळी जमीन. बरोब्बर एका माणसाची जागा. मी म्हटलं, "हा द्या. रिव्हर रोडवर एक स्टुडिओवाला आहे, तो कॉम्प्युटरवर चिकटवून देतो. ओळखपत्रावरचं डोकं, खाली कामाची डांगरी घातलेलं अंग. इथं उभा करतो ओसोरोला."

मास्तरांना जणू चटका बसला. "माझ्या फोटोत चिकटवायचं? मोराची आई, अहो, ते खोटं झालं!"

"तो तिथं उभा होता. तुम्ही त्याला काढलात, मी परत ठेवतेय. आता खोटं तुमचं की माझं, ते तुम्हीच सांगा."

त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. फक्त एवढंच म्हणाले, "वापरून झाला की परत द्या, माझा आवडता आहे तो."

स्टुडिओवाला म्हणजे मुतिसो. त्याच्या दुकानात भिंतीवर सगळी मेलेली माणसं सुटाबुटात. जन्मात टाय न घातलेले शेतकरी, सगळे टाय घालून. आमच्याकडे पद्धतच पडलीय तशी, मेलेल्याला सूट चढवायचा. मुतिसोने ओळखपत्र बघितलं. "होईल. कान मी बसवतो. अंग कुठलं देऊ? सूट आहे, पदवीचा झगा आहे, पाद्र्याचं आहे."

"डांगरी. निळी. तेलाचे डाग असलेली."

"अहो बाई, डांगरीत कुणी पुरतं का माणसाला?"

"मी पुरतेय ना. तू चिकटव."

"विमानाशेजारी?"

"विमानाशेजारी. पंख्यापाशी."

"बरं, बरं. छान करतो. बघत राहाल."

निघायच्या दिवशी सकाळी शवागारात गेलो. त्याला मी धुतलं, कपडे घातले. हात मात्र साबणाने, राखेने, रॉकेलने घासले तरी स्वच्छ होईनात. तळव्याच्या भेगांत, नखांच्या कडेला काळं तेल बसलेलं, वर्षानुवर्षांचं. शेवटी मी सोडून दिलं. म्हटलं, राहू दे, त्याचंच आहे.

संध्याकाळी बस शवागारापाशी उभी, चालक भोंगा वाजवतोय, आणि मी रिव्हर रोडवर. मुतिसोने दोन पुडकी दिली, एक मास्तरांचं, एक नवीन फ्रेमचं, कागद आणि चिकटपट्टीने अगदी बाळासारखं गुंडाळलेलं. उघडून बघायला वेळ नव्हता. मास्तर बसमध्ये बसलेच होते, गावी येतो म्हणाले होते. मी चढल्या चढल्या त्यांनी आपलं पुडकं मागून घेतलं आणि पिशवीत घातलं. नवीन मी मांडीवर धरून बसले.

सकाळी गावात पोहोचलो. मंडप पडला होता, माणसं जमली होती, भोंग्यावर भजन लागलं होतं. पेटी उतरवली. सासूबाई चटईवर बसलेल्या, त्यांना आता जवळचंच दिसतं, तेही अंधुक. मी त्यांच्या गळ्यात पडले. तेवढ्यात मोगाकाने माझ्या हातातून पुडकं घेतलं, "द्या वहिनी, मी लावतो," आणि कागद टराटरा फाडला.

आतली फ्रेम त्याने डोळ्यांजवळ नेली.

मग दोन्ही हातांनी फ्रेम डोक्यावर धरली आणि गळा काढला. "अरे माझ्या दादा! अरे देवा, आम्ही ओळखलं नाही रे तुला!"

मी बघितलं. डाकोटा होतं. पंखा होता. आणि त्याच्याशेजारी ओसोरो, पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, डोक्यावर कॅप्टनची टोपी, काखेत एक काळी बॅग. मेल्या मुतिसोने छान केलं होतं! विमानाशेजारी माणूस म्हटला की कॅप्टनच असणार, त्याच्या डोक्यात दुसरं काही येईल कसं.

आणि गाव? गाव उलटून पडलं. जे झाडूवाला म्हणत होते ते पेटीपुढे हात जोडून उभे. सरकारी मुकादमाने पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या करायला लावल्या. मळ्यातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "मी म्हणायचे ना, चालणं बघा त्याचं, पायलटचंच होतं." कुणीतरी मला सरबत आणून दिलं. आदल्या वर्षापर्यंत मला विहिरीवर नंबर न देणारी बाई माझा हात धरून रडली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी खुर्चीवर बसले आणि मनात म्हटलं, घ्या, बसली ना सगळ्यांची वाचा. मास्तर माझ्या मागच्या रांगेत होते. ते पुढे वाकून कुजबुजले, "मोराची आई, हे..." मी म्हटलं, "गप्प बसा, मास्तर." ते मागे टेकले.

भाषणं सुरू झाली. पाद्री म्हणाले, कॅप्टन ओसोरो आता फार वरच्या उड्डाणाला निघाले. चांगलं बोलले. मग मोगाका माईकपाशी गेला. त्याने सांगितलं की दादा कसा नम्र होता, एवढा मोठा माणूस पण गावात साधा वागायचा. मग म्हणाला, एकदा त्याने आमच्या घरावरून विमान नेलं होतं, मी अंगणात होतो, त्याने वरून हात केला. लोक हो हो म्हणाले, दोघातिघांनी तर तो हात बघितलाही होता. मोगाकाला चेव चढला.

"माझा भाऊ," म्हणाला, "आपल्यासारखा नव्हता. आपण मातीत, शेणात. माझ्या भावाने जन्मात कधी हात काळे केले नाहीत!"

मला वाटतं मी ओरडलेच. उठले कधी ते मला आठवत नाही, माईक हातात होता एवढं आठवतं.

"काळे केले!" मी म्हटलं. "रोज केले. काल मी घासून घासून थकले, निघाले नाहीत. पेटी उघडू का? बघायचेत?"

"वहिनी, बसा," मोगाका दातांखालून म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. तो पायलट नव्हता. हा फोटो खोटा आहे, तो स्टुडिओवाल्याने चिकटवलाय, मी डांगरी सांगितली होती. ओसोरो पहाटे विमानाचे पंखे हाताने फिरवायचा. तुम्हाला सांगितलं होतं त्याने. तेच खरं होतं, तेवढंच. ते केल्याशिवाय तुमचा टायवाला कॅप्टन जमिनीवरून वीतभर उठला नसता."

मग मागून कुणीतरी खुसकन हसलं. मोगाकाचा चेहरा तापला होता, आपण सगळ्यांदेखत रडलो ह्याचा राग. "म्हणजे," तो म्हणाला, "शेवटी झाडूवालाच."

मास्तर उठले. त्यांचं बोलणं शाळेतल्यासारखंच, संथ. "मी शिक्षक आहे. त्या विमानाचे फोटो काढत आलोय. ओसोरोला पंखे फिरवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, दर शनिवारी, मोराचा जन्म झाला त्याच्या आधीपासून."

"पाहिलंत ना? मग त्याचा एक तरी खरा फोटो दाखवा," मोगाका म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी त्याला बाजूला व्हायला सांगायचो."

"का?"

मास्तर टोपी हातात फिरवत तसेच उभे राहिले. लोक कुजबुजू लागले. मला समजलं, आपण हरलो. खोटं होतं तेव्हा गाव आपलं होतं, आता खरं सांगितलं तर परत झाडू. ओसोरो म्हणायचा तेच झालं होतं, आणि हे मी माझ्या हाताने केलं होतं, त्याच्या पेटीसमोर.

तेव्हा चटईवरून सासूबाईंचा आवाज आला. म्हातारीचा आवाज बारीक, पण तिने हात वर केला की आमच्या घरात अजून सगळे थांबतात.

"उजवा खांदा," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"घरी आला की त्याचा उजवा खांदा दुखायचा. दर वेळी. मी तेल गरम करून चोळून द्यायचे. मला म्हणायचा, आई, पातं फार जड आहे. हा एवढा गोळा होता इथं, ओंडक्यासारखा." त्यांनी स्वतःच्या खांद्यावर मूठ ठेवली. "मोगाका, पायलटचा खांदा कशाला दुखेल रे? तो तर बसून असतो."

मोगाकाने तो खांदा इतकी वर्षं बघितला होता, सगळ्यांनीच बघितला होता. कुणी हसलं नाही.

सासूबाईंनी पेटीच्या दिशेने डोळे बारीक केले. "तिथं पेटीवर कुणाला ठेवलंय?"

"फोटो आहे, आई. ओसोरोचा..."

"टायवाला?"

"हो."

"मग तो कोण आहे? काढा त्याला माझ्या लेकाच्या पेटीवरून."

मोगाकाच उठला. त्याने फ्रेम उचलली, इकडे तिकडे बघितलं, आणि मंडपाच्या खांबाला पाठमोरी टेकवून ठेवली. पेटी उघडीबोडकी दिसू लागली. मोरा मोकळ्या हातांनी उभी होती, तिला काय धरायचं ते कळेना.

मास्तरांनी पिशवीतून आपलं पुडकं काढलं. वर्तमानपत्र सोडवलं आणि खाली चटईवर बसून तो फोटो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो अगदी नाकाशी नेला.

"हे ते विमान?"

"हो, आजी."

"आणि तो पंखा?"

"हो."

त्यांनी पंख्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं उभा राहायचा?"

मी म्हटलं, "हो, आई. इथंच."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग हा ठेवा."

मोराने तो फोटो छातीशी धरला आणि पुढे झाली. मोगाकाने पेटीची उजवी बाजू खांद्यावर घेतली, मास्तरांनी डावी, आणि आम्ही निघालो.